प्रवासी घरी पोहोचले, क्रू समुद्रातच राहिला: २०२० मध्ये क्रूझ जहाजांवर नेमकं काय अडलं होतं

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० च्या मध्यापर्यंत जगातल्या बहुतेक क्रूझ कंपन्यांनी नव्या सफरी थांबवल्या. एप्रिलपर्यंत बहुतांश प्रवासी कसेबसे आपापल्या देशांत पोहोचले. त्यांचं सामान उचलणारे, जेवण रांधणारे, खोल्या झाडणारे आणि इंजिन चालवणारे लोक मात्र जहाजांवरच राहिले. ९ एप्रिलच्या आदेशात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जो आकडा दिला तो असा: अमेरिकेच्या पूर्व, पश्चिम आणि आखाती किनाऱ्यांबाहेर सुमारे १०० क्रूझ जहाजं आणि त्यांवर जवळपास ८०,००० कर्मचारी. हा फक्त एका देशाच्या भोवतालचा हिशेब आहे.

गोव्यातल्या सासष्टीपासून वसईपर्यंत, मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत ज्यांच्या घरचं कोणी बोटीवर होतं, त्यांचा प्रश्न साधा होता. जहाज किनाऱ्यावरून दिसतंय, पगारवाली कंपनी मोठी आहे, मग माणसाला उतरवून विमानात बसवायला दोन-दोन, तीन-तीन महिने का लागतात?

थोडक्यात उत्तर असं, की खलाशी घरी यायला एक परवानगी पुरत नाही. ध्वजाचा देश, बंदराचा देश, वाटेतला विमानतळ, मायदेश आणि मायदेशातला जिल्हा, या सगळ्यांचा होकार एकाच वेळी लागतो, आणि प्रत्येक होकाराला मुदत असते. त्यातला एक जरी चुकला तरी बाकीचे वाया जातात. प्रवाशांसाठी सरकारांनी ही साखळी जुळवून आणली. क्रूच्या बाबतीत मात्र बहुतेक सरकारांनी त्यांना जहाजाचाच भाग मानलं. जहाज जिथे, तिथे क्रू.

जहाजावर असतं कोण

क्रूझ जहाजाचा क्रू म्हणजे दोन वेगळी जगं. पहिलं डेक आणि इंजिनचं: कॅप्टन, अधिकारी, इंजिनिअर, इलेक्ट्रिशियन, मोटरमन, डेकवरचे खलाशी. जहाज सुरक्षित ठेवायला किमान किती आणि कोणत्या दर्जाची माणसं लागतात हे ध्वजाचा देश एका कागदावर लिहून देतो आणि त्याखाली संख्या नेता येत नाही. दुसरं जग हॉटेलचं: आचारी, वेटर, बारमधले, केबिन स्टुअर्ड, लाँड्री, स्पा, दुकानं, वादक, छायाचित्रकार. मोठ्या क्रूझ जहाजावर क्रूचा मोठा भाग या दुसऱ्या जगातला असतो, आणि गोवा-मुंबईकडची बरीच मुलंही तिथेच असतात.

प्रवासी उतरले की या दुसऱ्या जगाला काम राहत नाही. एरवी त्याचा त्रास नसतो, कारण क्रू एकदम बदलत नाही. सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असतं, जहाज दर आठवड्याला ठरलेल्या बंदरात येतं, तिथे तीस-चाळीस जण साइन-ऑफ होतात आणि तेवढेच नवे चढतात. बंदरातला एजंट, इमिग्रेशनची खिडकी, हॉटेल, विमानाची तिकिटं, सगळं या छोट्या तुकड्यांच्या मापाने बेतलेलं. एका जहाजावरचे हजार लोक, साठेक देशांचे, एकाच वेळी घरी पाठवायचे आहेत, अशी वेळ कोणी धरूनच चालली नव्हती. त्यात मार्च-एप्रिलमध्ये नेहमीची विमानंच बंद झाली.

बंदर नाही कसं म्हणू शकतं?

जहाज कायद्याने ज्या देशात नोंदलेलं असतं त्याचा ध्वज लावतं. अमेरिकेतून चालणारी बहुतेक मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेली आहेत. मालक मियामीत, ध्वज बहामाचा, क्रू फिलिपिन्स, भारत, इंडोनेशियाचा, आणि जहाज उभं तिसऱ्याच देशाच्या पाण्यात. संकटात जबाबदारी कोणाची, हा प्रश्न इथून सुरू होतो.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, २००५ यातलं कलम २८ सांगतं की निव्वळ आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात यायला मनाई करू नये. बंदराकडे सोय नसेल तर जवळच्या सोयीच्या बंदराकडे पाठवावं. जहाज येताना कॅप्टन आरोग्याचं सागरी घोषणापत्र भरतो, पिवळा ‘क्यू’ ध्वज लावून आरोग्य-परवाना मागतो, बंदराचे आरोग्य अधिकारी तपासून तो देतात. हा रोजचा मार्ग आहे. २०२० मध्ये अनेक देशांनी तो एकतर्फी बंद केला. नियम मोडणाऱ्या देशाला दंड करणारी यंत्रणा या नियमांत नाही, त्यामुळे कागदावरचं कलम कागदावरच राहिलं.

झांडाम जहाजाचं उदाहरण घ्या. ते ७ मार्चला ब्यूनोस आयरेसहून निघालं, दक्षिण अमेरिकेतल्या बंदरांनी घेतलं नाही, जहाजावर चार प्रवासी मरण पावले, महिनाअखेर पनामा कालव्यातून ते वर आलं आणि २ एप्रिलला फ्लोरिडाच्या पोर्ट एव्हरग्लेड्सला लागलं. प्रवाशांना तिथे उतरवून चार्टर (खास भाड्याने घेतलेल्या) विमानांनी पाठवलं. क्रू जहाजावरच राहिला.

त्याच्या काही दिवस आधी, २९ मार्चला, अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या आग्नेय विभागाने सूचना काढली: पन्नासहून जास्त माणसं असलेल्या परदेशी ध्वजाच्या जहाजांनी आजाऱ्यांची काळजी बेमुदत जहाजावरच घेण्याची तयारी ठेवावी, आणि बहामासारख्या देशात नोंदलेल्या जहाजांनी आधी आपल्या ध्वजाच्या देशाकडे मदत मागावी. बहामाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. तिथल्या इस्पितळांनी जगभरच्या क्रूझ क्रूला सामावून घ्यावं ही अपेक्षा व्यवहारात पाळता येण्यासारखी नव्हतीच.

व्हिसाचंही समजून घ्यायला हवं. भारतीय खलाशी अमेरिकेच्या बंदरात सी-१/डी या क्रूसाठीच्या व्हिसावर जातो. किनाऱ्यावर उतरायची मुभा त्याला बंदरातला अधिकारी देतो, आणि तीही जास्तीत जास्त २९ दिवसांची. अधिकाऱ्याने ‘जहाजावरच थांबा’ असा शेरा मारला की धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या गँगवेवरून खाली पाऊल टाकणंही बेकायदा होतं. पासपोर्टवर व्हिसा आहे म्हणजे उतरता येतं, हा घरच्यांचा समज त्यामुळे चुकीचा ठरत होता.

चार्टर विमान आणि सहीचा प्रश्न

अमेरिकेने १४ मार्चला क्रूझ जहाजांना चालायला मनाई केली. तिची मुदत वाढत वाढत ऑक्टोबरअखेरपर्यंत गेली. क्रूला उतरण्यावर सरसकट बंदी नव्हती, पण एप्रिलपासून अट अशी होती की उतरलेल्या माणसाने सार्वजनिक वाहतूक वापरायची नाही. म्हणजे जहाजाच्या धक्क्यापासून थेट खासगी गाडी किंवा चार्टर विमान. टॅक्सी नाही, हॉटेलात रात्र नाही, विमानतळाच्या सर्वसाधारण टर्मिनलमधून जायचं नाही, चार्टरमधून उतरून पुढे नेहमीचं विमान पकडायचं नाही, वाटेत आठ तासांहून जास्त थांबा नाही, आणि घरी गेल्यावर १४ दिवस घरात. हे सगळं पाळलं जाईल असं कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याने, नियमपालन अधिकाऱ्याने आणि सर्वोच्च वैद्यकीय अधिकाऱ्याने सही करून द्यायचं. खोटं ठरलं तर फौजदारी जबाबदारी.

कंपन्या इथे अडून बसल्या. चार्टर महाग पडतात ही एक तक्रार, आणि माणूस मायदेशी उतरल्यावर पुढे बस पकडतो की नाही याची सही आम्ही कशी देणार, ही दुसरी. दुसऱ्या तक्रारीत थोडं तथ्य होतं. पहिल्या तक्रारीचं समर्थन करणं कठीण आहे, कारण त्याच कंपन्यांनी काही आठवड्यांपूर्वी प्रवाशांसाठी चार्टर विमानं केली होती.

पैसे खर्च करायची तयारी असली तरी गणित अवघड होतं. समजा चार्टर विमानात ३०० जागा आहेत आणि एका जहाजावर भारतीय आहेत ६०. विमान भरायला पाच जहाजांवरचे भारतीय एकाच दिवशी, एकाच बंदरात यायला हवेत. त्या पाचही जहाजांना त्या बंदरात यायची परवानगी हवी. पाचही जहाजांवर त्या आठवड्यात नवा रुग्ण निघायला नको. वाटेत इंधनासाठी विमान उतरणार त्या देशाचा होकार हवा. आणि भारताने विमान उतरवून घ्यायला हवं. भारताने २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली होती, ती अडकलेल्या नागरिकांना आणण्यासाठी ७ मेपासून वंदे भारत मोहिमेतून मोजक्या संख्येने सुरू झाली. म्हणजे एप्रिलभर या साखळीचं शेवटचं टोकच बंद होतं.

चौदा दिवसांचं घड्याळ पुन्हा शून्यावर का जायचं

विलगीकरण १४ दिवसांचं, मग लोक चाळीस-पन्नास दिवस का अडकले? याचं कारण जहाजाच्या आतल्या रचनेत आहे.

प्रवाशांच्या केबिन वरच्या मजल्यांवर. क्रूच्या केबिन खाली, पाण्याच्या पातळीजवळ किंवा तिच्याही खाली. बिनखिडकीच्या, एकावर एक बंक, बहुधा दोन जणांची खोली आणि कधी दोन खोल्यांत मिळून एक न्हाणीघर. जेवण एकाच मेसमध्ये. आणि जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा एकच रुंद कामाचा बोळ, जिथून दिवसभर सगळे ये-जा करतात.

फेब्रुवारीत जपानमध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेस हे क्रूझ जहाज अडकलं तेव्हा हे स्पष्ट दिसलं होतं. जहाजावर ३,७११ माणसं, त्यांपैकी १,०४५ क्रू. प्रवाशांना केबिनमध्ये बंद केलं, पण त्यांच्या दारात तीन वेळचं जेवण पोहोचवायला क्रू कामावरच राहिला. म्हणजे विलगीकरण प्रवाशांचं झालं, क्रूचं नाही. ४ ते १२ फेब्रुवारीदरम्यान क्रूमधले जे पहिले २० जण बाधित निघाले, त्यांतले १५ खानपान विभागातले होते, आणि २० पैकी १६ जणांच्या केबिन एकाच मजल्यावर, डेक ३ वर होत्या. शेवटी जहाजावरच्या ७१२ जणांना लागण झाली. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, १३२ क्रू आणि ६ प्रवासी. त्यांपैकी ११९ जणांना २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीला आणून मानेसरला विलगीकरणात ठेवलं. विमानं चालू असताना हे जमलं. महिन्याभराने हीच गोष्ट अशक्य होऊन बसली.

प्रवासी नसले म्हणजे साथ थांबते असंही नव्हतं. नागासाकीच्या गोदीत दुरुस्तीला आलेल्या कोस्टा अटलांटिका जहाजावर एकही प्रवासी नव्हता, ६२३ क्रू होता. एप्रिलअखेरीस त्यांतले सुमारे १५० जण बाधित निघाले. दर चारांतला एक.

आता घड्याळाचा हिशेब. बाधित सापडला की त्याच्या संपर्कातल्यांचे १४ दिवस नव्याने मोजायचे. दोघांच्या खोलीत एक बाधित झाला तर दुसऱ्याचे दिवस शून्यावर. सगळे एकाच मेसमध्ये जेवत असतील तर कोण संपर्कात नव्हतं हे सांगता येत नाही, म्हणून अख्ख्या जहाजाचे दिवस शून्यावर. नवव्या दिवशी एक रुग्ण, त्यानंतर अकराव्या दिवशी दुसरा, त्यानंतर सहाव्या दिवशी तिसरा, आणि मग सलग १४ दिवस कोणी नाही: ९ + ११ + ६ + १४, झाले ४० दिवस. कोणी हलगर्जीपणा केला नाही तरी.

यावर खरा उपाय एकच होता: प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र न्हाणीघर. प्रवासी गेल्यामुळे वरच्या केबिन रिकाम्या होत्या, आणि अमेरिकी नियमांनीही तेच सांगितलं. ज्या कंपन्यांनी हे लवकर केलं त्यांच्या जहाजांचं घड्याळ लवकर पूर्ण झालं. पण हजार जण हजार खोल्यांत बसले की दिवसाला तीन हजार ताटं दारोदार पोहोचवावी लागतात. ती कोण पोहोचवणार? क्रूच. म्हणून प्रत्येक जहाजावर शे-दीडशे माणसं अशी असायची ज्यांना विलगीकरण शक्यच नव्हतं: भटारखाना, इंजिन रूमची पाळी, ब्रिजवरची (जहाज चालवण्याच्या कक्षातली) पाळी, दवाखाना. रोग जहाजावर टिकून राहायचा तो बहुधा याच गटात. आणि जहाजावरचा दवाखाना म्हणजे दोन-तीन डॉक्टर आणि काही परिचारिका. नमुने तपासायची सोय सुरुवातीच्या महिन्यांत किनाऱ्यावरच होती. नमुना किनाऱ्याला जायचा आणि अहवाल कधी चार दिवसांनी यायचा, तोवर विमान निघून गेलेलं.

नांगरलेलं जहाज स्वस्थ नसतं

लांबून पाहणाऱ्याला वाटतं, जहाज नांगर टाकून उभं आहे, क्रू आराम करतोय. हे चित्र खरं नाही. बंदराचा धक्का रोजच्या भाड्याचा असतो आणि सगळ्यांना पुरेल इतका नसतोच. म्हणून जहाजं बहामाच्या आसपास, बार्बाडोसजवळ, मॅनिलाच्या उपसागरात नांगरून राहिली. पण क्रूझ जहाज महिनोन्महिने एका जागी उभं राहायला बांधलेलं नसतं.

पिण्याचं पाणी जहाज समुद्राच्या पाण्यापासून स्वतः बनवतं, पण अमेरिकेच्या जहाज-स्वच्छता नियमांनुसार बंदरात आणि नांगरावर असताना ते बनवता येत नाही, कारण तिथलं पाणी दूषित असण्याचा धोका असतो. माणशी दिवसाला २०० लिटर धरले तरी हजार जणांना रोज २०० टन पाणी लागतं. कचऱ्याचंही तेच. कॅरिबियनसारख्या विशेष क्षेत्रात दळलेलं उरलंसुरलं अन्न सोडायलासुद्धा जहाज किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे आणि चालतं असावं लागतं. त्यामुळे दर काही दिवसांनी नांगर उचलायचा, बाहेर जायचं, पाणी बनवायचं, टाक्या रिकाम्या करायच्या आणि परत यायचं. घरच्यांना मोबाइलवर जहाजाचा ठिपका हलताना दिसायचा, ‘निघाले वाटतं’ अशी आशा वाटायची, आणि संध्याकाळी तो ठिपका पुन्हा जागेवर.

सफर बंद असताना जहाज दोन प्रकारे ठेवतात. वॉर्म ले-अपमध्ये जनरेटर, वातानुकूलन, सुरक्षायंत्रणा चालू ठेवून काही आठवड्यांत पुन्हा चालवता येईल अशा बेताने. त्याला शंभराच्या आसपास माणसं पुरतात. कोल्ड ले-अपमध्ये बरंच काही बंद करून मोजक्या माणसांवर. दोन्हीकडे हॉटेलचा क्रू उतरल्याशिवाय जाता येत नाही. म्हणजे क्रूला ठेवून घेण्यात कंपनीचाही तोटाच होता. क्रूला हे माहीत होतं, म्हणून ‘मग आम्हाला सोडत का नाही’ हा राग आणखी वाढला.

जहाजाचीच बस

विमानं मिळत नाहीत हे एप्रिलअखेर स्पष्ट झाल्यावर काही कंपन्यांनी जहाजांनीच क्रूला घरी न्यायचं ठरवलं. मे महिन्यात बहामाच्या पाण्यात डझनभराहून अधिक जहाजं जवळजवळ उभी करून हजारो क्रूची देशांनुसार अदलाबदल केली. टेंडर म्हणजे छोट्या बोटींतून माणसं आणि सामान हलवायचं, युरोपवाले एका जहाजावर, फिलिपिन्स आणि इंडोनेशियाचे दुसऱ्यावर, भारताकडचे तिसऱ्यावर.

यात धोका उघड आहे. पाच जहाजांवरची माणसं सहाव्या जहाजावर आणली आणि त्यांत एक जण जरी बाधित असला, तर त्या सहाव्या जहाजाचं घड्याळ सुरूच होत नाही. जर्मनीत कुक्सहाफेनला माइन शिफ ३ वर एका कंपनीच्या ताफ्यातले सुमारे २,९०० कर्मचारी असेच एकत्र केले होते. मेच्या सुरुवातीला त्यांत ९ बाधित निघाले आणि पाठवणी लांबली.

शिवाय वेळ. मियामीहून सुएझमार्गे मुंबई सुमारे ९,००० सागरी मैल. १६ नॉट्सने चाललं तर दिवसाला ३८४ मैल, म्हणजे न थांबता २३-२४ दिवस. तिथे पोहोचल्यावर उतरायला परवानगी मिळेलच असं नाही. मॅनिलाच्या उपसागरात जूनच्या सुरुवातीला वीसहून अधिक क्रूझ जहाजं उभी होती, हजारो फिलिपिनो क्रू आपल्याच देशाचा किनारा पाहत तपासणीच्या पाळीची वाट बघत होता. स्वतःच्या देशात पोहोचणं आणि स्वतःच्या देशात उतरणं यात कित्येक आठवड्यांचं अंतर पडलं.

मुंबई आणि गोवा

भारतात हाच पेच एप्रिलमध्ये आला. मारेला डिस्कव्हरी हे जहाज जवळपास १४५ भारतीय कर्मचाऱ्यांसह मुंबईबाहेर थांबलं होतं, त्यांत गोवेकर बरेच होते. स्वतःच्याच नागरिकांना उतरवून घ्यायची पद्धत ठरलेली नव्हती. २१ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने भारतीय बंदरांत खलाशांच्या साइन-ऑन आणि साइन-ऑफची कार्यपद्धती काढली, आणि २३ एप्रिलला हे लोक मुंबईत उतरले.

ती कार्यपद्धती साखळी किती कड्यांची आहे हे दाखवते. कॅप्टनने प्रत्येकाच्या तब्येतीचं घोषणापत्र आणि तापमानाच्या नोंदी बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याला द्यायच्या. परवानगी मिळाली की नमुना घ्यायचा. अहवाल येईपर्यंत बंदराच्या हद्दीतल्या विलगीकरणात ठेवायचं. अहवाल ठीक आला तर खलाशाच्या आणि त्याच्या गाडीच्या चालकाच्या नावाने प्रवासाचा पास, ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या मुदतीत. राज्याची हद्द ओलांडायची असेल तर पलीकडच्या राज्याचा होकार. मुंबईहून मडगावला जाणाऱ्या माणसाला देश बदलायचा नव्हता, तरी परवानगी दोन राज्यांची लागत होती.

मेच्या उत्तरार्धात इटलीहून खलाशांना घेऊन चार्टर विमान गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उतरलं. गोव्यात घरच्यांनी आणि खलाशांच्या संघटनांनी सतत लावून धरलं म्हणून हे वेगाने झालं, असं म्हणायला हरकत नाही. गोव्यात जवळपास प्रत्येक गावात तारवटी (बोटीवर काम करणारा) आहे, त्यामुळे सरकारला टाळता येत नव्हतं. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या एकट्या-दुकट्या मुलामागे असा जोर नव्हता आणि त्यांना जास्त थांबावं लागलं तर त्यात नवल नव्हतं.

पगार, आणि एकट्या खोलीतले दिवस

वेटर आणि केबिन स्टुअर्ड यांची कमाई बऱ्याच अंशी प्रवाशांच्या बक्षिसीवर असते. प्रवासी उतरले त्या दिवशी ती थांबली. ज्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं त्यांना अनेक ठिकाणी ‘काम नाही, पगार नाही, राहणं-जेवण मोफत’ अशा स्थितीत ठेवलं गेलं. घरी कर्जाचे हप्ते चालू.

यातून आलेला ताण आपण गंभीरपणे घ्यायला हवा. मे २०२० मध्ये वेगवेगळ्या जहाजांवर काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. काही जहाजांवर उपोषणं आणि निदर्शनं झाली. दिवसाला ठरावीक वेळ डेकवर मोकळ्या हवेत जाऊ देणं, खिडकीची खोली देणं, घरी बोलायला मोफत इंटरनेट देणं, आणि मुख्य म्हणजे ‘अजून माहीत नाही’ एवढं तरी रोज ठरलेल्या वेळी सांगणं, या गोष्टींनी फरक पडतो. तारीख देऊन ती पाच वेळा बदलणं हे तारीख न देण्याहून वाईट.

कायदा कोणाला पकडत होता

खलाशांच्या हक्कांचा मुख्य आधार म्हणजे सागरी कामगार करार, २००६. तो २०१३ पासून लागू आहे. भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेने आजवर दिलेली नाही, आणि जगातला सर्वांत मोठा क्रूझ व्यवसाय तिथून चालतो. या करारानुसार कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर घरी पाठवायचा खर्च मालकाचा, आणि बारा महिने पूर्ण होण्याआधी घरी जाण्याचा हक्क. मालकाने वाऱ्यावर सोडलं तर विमाकंपनीने प्रवासाचा खर्च, अन्नपाणी, औषधोपचार आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार द्यायचा.

पण हा सगळा कायदा दोषी मालकच असेल हे गृहीत धरून लिहिलेला आहे. २०२० मध्ये मालक जेवण देत होता, तिकीट काढायला तयार होता, आणि दार सरकारांनी लावलं होतं. समुद्री चाच्यांनी ओलीस धरलं तर कॉन्ट्रॅक्ट आणि पगार चालू राहतो, अशी दुरुस्ती डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. साथीत अडकलेल्यांसाठी तसं कलम नव्हतं. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट म्हटलं, की मान्यता देणाऱ्या देशांनीच कराराचं पालन केलं नाही, आणि मार्ग उपलब्ध असताना ‘अपरिहार्य परिस्थिती’ हे कारण चालणार नाही. तोवर मालवाहू जहाजं धरून जगभर सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर होते.

नंतरच्या दुरुस्त्यांत थोडं भरून काढलं आहे. २३ डिसेंबर २०२४ पासून जहाजावर घरच्यांशी संपर्काची इंटरनेट सोय देणं मालकावर आलं, आणि खलाशाला लवकर घरी पोहोचवणं ध्वजाच्या, बंदराच्या आणि मायदेशाच्या सरकारांवरही आलं. खलाशांना अत्यावश्यक कामगार मानण्याची दुरुस्ती २०२५ मध्ये मंजूर झाली, ती २०२७ अखेर लागू होणं अपेक्षित आहे.

आज बोटीवर जाणाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी यातून करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. सेवा-कराराची सही झालेली प्रत, पगाराच्या पावत्या, सीडीसी (खलाशाची अधिकृत नोंद) पुस्तिका, पासपोर्ट, वैद्यकीय प्रमाणपत्र यांचे फोटो घरी ठेवावेत. वैद्यकीय प्रमाणपत्र दोन वर्षांचं असतं आणि अडकलेल्या काळात संपलं तर पुढचं जॉइनिंग खोळंबतं. भरती करणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशांच्या भरतीचा, परवाना आहे का हे सही करण्याआधी तपासावं, कारण तक्रार केल्यावर मुंबईत कांजूरमार्गला असलेलं महासंचालनालय त्या परवान्याच्या आधारेच एजंटला जाब विचारू शकतं. जहाजावर चढल्याच्या पहिल्याच आठवड्यात क्रूच्या सूचनाफलकावर आर्थिक हमीचं (वर सांगितलेल्या विम्याचं) प्रमाणपत्र शोधावं. ते सगळ्यांना दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे. त्यावर विमाकंपनीचं नाव, मुदत आणि तातडीच्या संपर्काचा क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून त्याच दिवशी घरी पाठवावा. इंटरनेट बंद झालं तर फोन जहाजावरून नाही, घरूनच करावा लागतो.